अनेक ताणांखालच्या कुटुंबासोबत काम करताना

कर्ज, दारू, आजारपण आणि मुलाची सुटलेली शाळा हे सारे एकाच घरात असते, तेव्हा तेथे समुपदेशकाच्या आधी आशाताई, वसुलीवाले आणि शिक्षक येऊन गेलेले असतात आणि प्रत्येकाने काही ना काही सुनावलेले असते. म्हणून पहिल्या भेटीत सल्ला देऊ नये. ‘आजवर आलेल्यांपैकी कुणाचा आधार वाटला आणि कुणाचा जाच झाला?’ असे विचारावे. आपण कसे वागायचे, हे त्या उत्तरातच कळते.

आधी कोणती अडचण हाती घ्यायची, हे घरच्यांना ठरवू द्यावे. आपल्याला दारू मोठी वाटेल, पण आजीला रेशनकार्डावरून सुनेचे नाव गळाल्याचा घोर असेल, तर रेशनकार्डापासूनच सुरुवात करावी. तहसील कार्यालयात सोबत जाणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही.

बोलताना माणूस आणि समस्या यांची फारकत करावी. ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधील डेव्हिड एपस्टन या कुटुंबांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांनी रुजवलेली ही रीत आहे. ‘तुम्ही का पिता?’ असे विचारले, की नवरा मान खाली घालतो आणि बायको जुना हिशेब काढते. त्याऐवजी ‘दारू या घरात केव्हा शिरते आणि कोणत्या दिवशी तिला दाराबाहेरच राहावे लागले?’ असे विचारावे. पोळ्याला बैल सजवायचे होते म्हणून घेतली नाही, असे उत्तर आले, तर तेथेच थांबून त्या दिवशी पैसे कोणाकडे होते, बोलवायला आलेल्या मित्रांना काय सांगितले, संध्याकाळ कशी गेली, हे बारकाईने विचारावे. पुढच्या भेटींचे भांडवल तेच असते.

मारहाण होत असेल, तर मात्र फारकतीची ही भाषा वापरू नये. हात उगारणाऱ्याची जबाबदारी त्याचीच राहते. त्या बाईशी एकांतात बोलावे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याची माहिती तिला द्यावी.

नॉर्वेतील ट्रोम्सो येथे मनोविकारतज्ज्ञ टॉम अँडरसन यांनी १९८५ मध्ये, एका बाजूनेच आरपार दिसणाऱ्या आरशामागे बसून कुटुंबाची भेट पाहणाऱ्या तज्ज्ञांची चर्चा त्या कुटुंबालाच ऐकवली. आपल्याकडे तशी खोली नसली, तरी नोंदवही असतेच. नोंद घरच्यांसमोर, शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहावी, वाचून दाखवावी आणि त्यांना खाडाखोड करू द्यावी. एकांतात सांगितलेले मात्र त्या वहीत येता कामा नये. ‘कुटुंब सहकार्य करत नाही’ हे वाक्य समोर बसून वाचता येत नाही, त्यामुळे ते लिहिलेही जात नाही.