किडनीच्या कॅन्सरचं लेकरू घरी आहे? या चुका टाळा

विल्म्स ट्यूमर हा लहान मुलांच्या किडनीत होणारा कॅन्सर. बहुतेक वेळा तो पाच वर्षांच्या आतल्या लेकरात सापडतो. आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात गाठ लागते आणि तिथून धावपळ सुरू होते. चांगल्या केंद्रात उपचार पूर्ण झाले तर दहातली सुमारे नऊ मुलं यातून बरी होतात. हे आधी सांगते, कारण आपल्याकडे अजून कॅन्सर म्हटलं की अख्खं घर हातपाय गाळतं. उपचार मुंबईला टाटात चालू असले तरी दोन केमोंच्या मधले दिवस रावेरला, शिरपूरला, अक्कलकुव्याला आपल्या घरीच जातात. बिघडतं ते बहुधा याच दिवसांत, आणि बहुतेकदा दवाखान्याला न विचारता घरातच काहीतरी ठरवल्यामुळे.

ताप आला आणि "सकाळी पाहू" म्हटलं

सगळ्यात घातक चूक हीच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा अंगात जंतुसंसर्गाशी लढायला कोणीच नसतं, आणि संध्याकाळी खेळणारं लेकरू पहाटेपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतं. अँटिबायोटिक शिरेतून, दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात सुरू व्हायला हवं.

कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा हाताला सगळंच गरम लागतं. डिजिटल थर्मामीटर घ्या, काखेत लावा, आकडा लिहून ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसला की लगेच फोन आणि गाडी, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तो पाळा. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. गुदद्वारातून थर्मामीटर, औषधाची गोळी, एनिमा काहीही घालू नका, तिथली लहानशी जखमसुद्धा या दिवसांत महागात पडते. सेंट्रल लाइन किंवा पोर्ट (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल आणि ती आतून धुतल्यावर (फ्लश केल्यावर) थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ताप नसला तरी निघायचं.

आजीमाय म्हणेल, "काही व्हस नही, काढा दे." तिची माया खरी आहे, पण इथे ऐकायचं नाही.

रात्री कुठे जायचं हे दिवसा ठरवून ठेवा. टाटातल्या डॉक्टरांकडून स्थानिक बालरोगतज्ज्ञांसाठी चिठ्ठी घ्या. जळगाव किंवा धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज, नाहीतर जवळचा मोठा दवाखाना, यांपैकी कुठे रात्री दाखल करून घेतात हे आधीच विचारा. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला: "लेकराची केमो चालू आहे, ताप आहे." ऑपरेशनमध्ये गाठीसोबत एक किडनी काढलेली असेल तर तेही सांगा. मागचा सीबीसी (रक्तातल्या पेशींच्या तपासणीचा रिपोर्ट) आणि शेवटच्या केमोची तारीख फाईलच्या सगळ्यात वर ठेवा.

पोट दाबून पाहणं

ऑपरेशन झालेलं नसेल तर गाठ दाबायची नाही. घरी आलेला प्रत्येक पाहुणा "बघू, किती मोठी आहे" म्हणून पोट चाचपतो. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून देणाऱ्या बायाही गावोगाव आहेत. गाठीचं आवरण फुटलं तर कॅन्सरच्या पेशी पोटात पसरतात, आजाराची पायरी वर जाते आणि उपचार वाढतात. हे घरातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगा, वाईट वाटलं तरी चालेल. लेकरू पडलं, पोटाला मार लागला, पोट अचानक दुखायला किंवा फुगायला लागलं, चेहरा पांढरा पडला, तर थांबू नका. लघवीत रक्त दिसलं तरी फोन करा.

एकच किडनी म्हणून पथ्याची यादी

राहिलेली एक किडनी नीट असेल तर ती आयुष्यभर पुरते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मीठ बंद, डाळ बंद, दूध बंद असं करू नका. "साखर दिली की कॅन्सर वाढतो" हेही मोबाईलवर फिरतं आणि लेकरू वाळत जातं. त्याला वजन टिकवायचं आहे. मुगाची खिचडी, ताजी कळण्याची भाकरी, पूर्ण उकडलेलं अंडं, आपल्या जळगावची पिकलेली केळी (आधी धुऊन, मग सोलून), ताजं शिजवलेलं काहीही चालतं. तोंड आलं असेल तर तिखट शेवभाजी आणि ठेच्याचं भरीत थोडे दिवस बाजूला. उघड्यावरची कापलेली फळं, पाणीपुरी, बर्फाचा गोळा, रसवंतीचा रस, कच्चं दूध मात्र नकोच. पाणी उकळून गार केलेलं द्या आणि उन्हाळ्यात भरपूर द्या.

किडनीला खरा धोका औषधांचा असतो. अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका, ती किडनीला आणि प्लेटलेट्सना त्रास देतात. भस्मं आणि अज्ञात पुड्या तर अजिबात नाहीत, काहींत शिसं-पारा असतो. गावातला डॉक्टर इंजेक्शन देत असेल तर आधी "एकच किडनी आहे, केमो चालू आहे" हे सांगा. उलट्या-जुलाब सुरू झाले आणि सहा ते आठ तास लघवी झाली नाही, तर तो घरी ओआरएस पाजत बसण्याचा वेळ नव्हे.

"अशक्तपणा असेल" म्हणून सोडून देणं

व्हिन्क्रिस्टिन हे या आजारात ठरलेलं औषध. त्याने बद्धकोष्ठता होते, कधी जबडा दुखतो, पाऊल उचलत नाही आणि लेकरू अडखळायला लागतं, पापणी खाली येते. हे सगळं डॉक्टरांना कळायला हवं, कारण त्यांना डोस बदलावा लागू शकतो. बद्धकोष्ठतेवर एरंडेल नको, त्यांनी लिहून दिलेलं औषध नियमित द्या. तोंडातल्या बुरशीवर किंवा गजकर्णावर कोणी फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल दिलं तर आधी विचारा, त्याने व्हिन्क्रिस्टिनचा त्रास वाढतो. सुई लावलेला हात घरी आल्यावर लाल होऊन सुजला, आग व्हायला लागली, तर हळदीचा लेप लावू नका, लगेच दाखवा.

डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधानंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नसतं. तरी शंका वाटली तर विचारा. केमोनंतर दोन दिवस लघवी, उलटी हातमोजे घालून स्वच्छ करा, कपडे वेगळे धुवा. घरात कोणी गरोदर असेल तर तिला हे काम देऊ नका.

पाहायला येणारी गर्दी

अखाजीला माहेरवाशिणी येतात, श्रावणात कानबाईला भाऊबंद जमतात. या लेकराला तेव्हा वेगळ्या खोलीत ठेवा, खोकणाऱ्याला दारातूनच बोलू द्या. खरी भीती कांजण्या आणि गोवराची. गावात "माता आली" म्हणून कांजण्यांबद्दल मोठ्याने बोलत नाहीत, त्यामुळे आपल्याला कळतच नाही. अंगणवाडीच्या ताईंना आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, "कोणाच्या घरी आली असेल तर आम्हाला तेवढं कळवा." संपर्क झाल्याचं कळलं की त्याच दिवशी फोन करा. बचावाचं इंजेक्शन पहिल्या चार दिवसांत मिळालं तर सगळ्यात चांगलं. पुरळ उठेपर्यंत वाट पाहू नका.

केमो चालू असताना या लेकराला जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. घरातल्या धाकट्याला पोलिओचे थेंब द्यायचे का, की इंजेक्शन, हे आशाताई आल्या की त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन करून विचारा.

ऑपरेशन झालं, आता सुटलो

गाठ काढल्यावर लेकरू धावायला लागतं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पुढची तारीख चुकते. उरलेल्या केमोचं काम न दिसणाऱ्या पेशी मारण्याचं असतं, ती मध्येच सोडली की आजार परत येण्याची वाट मोकळी होते. पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. उपचारासाठी रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, टाटातून त्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. मुंबईत राहायला लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे दवाखान्यातल्या समाजसेवकांमार्फत विचारा.

उपचार संपल्यावरही तपासण्या सुरू राहतात. हा आजार परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो आणि बऱ्याचदा फुप्फुसात, म्हणून सोनोग्राफीसोबत छातीचा फोटोही असतो. ब्लड प्रेशर आणि लघवीची तपासणी त्यानंतरही वर्षानुवर्षं करायची असते, एका किडनीसाठी. पुढच्या तारखा फाईलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये टाका.