व्ह्यूज येतात, माणसं टिकत नाहीत? या चुका टाळा

कुणी रोजच्या वस्तूंची रेखाटनं काढतं, कुणी कागदाच्या घड्या घालतं, कुणी चार ओळींची कविता वाचून दाखवतं, कुणी एका चौकटीचं व्यंगचित्र टाकतं. असं साधंसं काही करून ऑनलाइन टाकणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ‘एक रील जोरात चाललं आणि पुढची सगळी आपटली.’ यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. कॅमेरा बदल, रोज टाक, ट्रेंड पकड, हॅशटॅग वाढव. हे सगळे सल्ले नवी माणसं आणण्याचे आहेत. पण पहिल्यांदा आलेल्या माणसाला अल्गोरिदमने तुमच्या दारात आणून सोडलेलं असतं. तो दुसऱ्यांदा आपणहून येतो का, तिथेच बहुतेकांचं गणित फिसकटतं. खालच्या चुका मी त्याच कसोटीवर निवडल्या आहेत.

व्ह्यूजचा आकडा म्हणजेच प्रेक्षक, असं धरून चालणं

३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्सचे व्ह्यूज वेगळ्या पद्धतीने मोजतं. व्हिडिओ सुरू झाला किंवा फिरून पुन्हा लागला, की एक व्ह्यू. किती वेळ पाहिला, याची किमान अट उरलेली नाही. थोडक्यात, कुणी अंगठ्याने स्क्रीन सरकवत तुमच्यावरून नुसतं पुढे गेलं तरी तुमच्या खात्यात एक जमा. आधीच्या पद्धतीचा आकडा ‘यूट्यूब स्टुडिओ’त, म्हणजे चॅनल सांभाळायच्या ॲपमध्ये, ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने वेगळा मिळतो आणि कमाईचा हिशेबही त्याच्यावरच होतो. तेव्हा मित्रमंडळींना दाखवायला मोठा आकडा ठेवा; काम करताना मात्र छोटा बघा.

त्याहून उपयोगी माहिती स्टुडिओतल्याच प्रेक्षकांच्या पानावर असते: नवे किती, परत आलेले किती. एखाद्या व्हिडिओनंतर नव्यांची रेघ उसळली आणि परत येणाऱ्यांची रेघ जागची हलली नाही, तर त्या व्हिडिओने तुमच्या बाकीच्या कामाची ओळखच करून दिली नाही. मांजर अचानक टेबलावरून पडलं म्हणून व्हायरल झालेल्या चित्रकाराचं असंच होतं. लोक मांजरासाठी आलेले असतात.

इन्स्टाग्रामवर लाइकपेक्षा शेअर बघा. तिथले प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये पोस्ट वर-खाली होण्याची तीन मोठी कारणं सांगितली: पाहण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणं. अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं असेल तर यातलं पाठवणं जास्त कामाला येतं. ते पटण्यासारखंही आहे. लाइक सवयीने देता येतं. एखादी गोष्ट दुसऱ्याला पाठवताना मात्र ‘ही कुणाला आवडेल’ याचा क्षणभर तरी विचार होतो.

सुरुवात स्वतःच्या स्वागतात घालवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि सगळ्यात लवकर दुरुस्त होणारीही हीच.

कागदाचा बेडूक करण्याचा एक व्हिडिओ समजा. आधी फिरत येणारा लोगो. मग ‘नमस्कार मित्रांनो, स्वागत आहे तुमचं, तर आजच्या या व्हिडिओमध्ये आपण पाहणार आहोत…’ मग कागद टेबलावर ठेवणं, तो सरळ करणं, बाही मागे सारणं. पहिली घडी पडेपर्यंत बारा सेकंदं गेलेली असतात आणि निम्मे लोकही.

आता हाच व्हिडिओ असा बघा. पहिल्याच क्षणी तयार बेडूक बोटाच्या दाबाने टुणकन उडतो. लगेच कट, समोर कोरा चौकोन. आवाज येतो, ‘या कागदातून तो काढायचाय, कात्री न लावता.’ हात घडी घालायला लागलेले असतात. नवीन काहीच चित्रित केलेलं नाही, फक्त शेवटचा तुकडा पुढे आणला आणि स्वागत कापलं. नाव सांगायचंच असेल तर हात कामात असताना कोपऱ्यात लिहून दाखवा.

कुठे घसरतंय हे ओळखायला रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कितव्या सेकंदाला किती लोक टिकून आहेत ते दाखवणारी रेघ, वाचायला शिका. सुरुवातीलाच कडा कोसळल्यासारखी रेघ खाली आली, तर एक तर तुम्ही उशिरा सुरू करताय, नाहीतर कव्हरवर एक आणि आत भलतंच आहे. मधेच पोट पडलं तर ती पायरी लांबलेली आहे. तिथलं एखादं वाक्य काढा, वेग वाढवा. मधेच उंचवटा आला तर लोकांनी ती जागा मागे जाऊन पुन्हा पाहिली. ती खूप आवडली तरी असं होतं आणि कळली नाही तरी असंच होतं. त्यातलं नेमकं कोणतं, हे कमेंट वाचून समजतं. शेवटी एकदम घसरण दिसली तर तुमचं ‘तर मित्रांनो…’ कुठे सुरू होतं ते तपासा. तो शब्द कानावर पडला की लोक उठतात.

लांब व्हिडिओच्या थंबनेलचंही, म्हणजे उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्राचंही, थोडं सांगायला हवं. यूट्यूबच्याच माहितीप्रमाणे निम्म्या चॅनल्सचा आणि व्हिडिओंचा क्लिकचा दर (थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती वेळा क्लिक झालं) २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. त्यामुळे ४ टक्के दिसले म्हणून हातपाय गाळू नका. व्हिडिओ जितका अनोळखी लोकांसमोर जातो तितका हा दर खाली येतो, ते चालायचंच. यूट्यूबवर एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून तुलना करता येते. ती वापरताना एकाच चित्राचे रंग बदलून तीन करू नका. वेगळ्या कल्पनेची तीन करा. शेवटची परीक्षा मोबाइल हातभर लांब धरून घ्या. अक्षरं वाचता आली नाहीत तर ती कमी करा.

साधं आहे म्हणून काहीही टाकणं

आज कविता, उद्या स्केच, परवा सहलीचा व्हिडिओ. माणसाचं असंच असतं, त्यात वावगं काही नाही. पण पाहणाऱ्याला ‘याला फॉलो केलं तर पुढे काय मिळणार’ हे कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीसाठी तो बटण दाबत नाही.

खाबी लामेचं उदाहरण सगळेच देतात, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी. २०२० मध्ये इटलीतल्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर तो टिकटॉकवर व्हिडिओ टाकायला लागला आणि जून २०२२ मध्ये तिथला सर्वाधिक फॉलोअर्स असलेला माणूस झाला. त्याचं पाहून लोक हातवारे आणि चेहरा उचलतात. उचलायला हवा तो साचा. कुणीतरी सोपं काम उगाच अवघड करून दाखवतं, मग खाबी तेच सरळ करून दाखवतो, शेवटी दोन्ही तळवे पुढे करतो. एवढं कायम, बदलतं ते फक्त काम. तोंडातून शब्द नाही, त्यामुळे भाषा आड येत नाही. दोन व्हिडिओ पाहिल्यावर तिसऱ्यात काय होणार हे माहीत असतं, तरी कसं होणार हे बघायचं असतं.

तुमच्या कामातही कायम काय आणि बदलतं काय, हे एका वाक्यात सांगता यायला हवं. व्यंगचित्रात एकच म्हातारा, एकच बाक. बदलतो तो शेजारी येऊन बसणारा. हे वाक्य जमत नसेल तर लोगो, रंगसंगती, चॅनलचं नाव या सगळ्यावर घालवलेला वेळ फुकट आहे. (नावावर महिनाभर खल करणारे खूप. कमेंटमध्ये नावाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.)

याची उलटी चूकही होते. साचा चालला म्हणून तो इतका घट्ट धरायचा की करणाऱ्यालाच कंटाळा यावा. कंटाळा आवाजात उतरतो. अशा वेळी सगळं मोडू नका, एकच गोष्ट हलवा. म्हाताऱ्याच्या जागी एक दिवस बाक रिकामा ठेवून बघा.

‘रोज टाकलंच पाहिजे’ हा हट्ट

बीपल या नावाने ओळखला जाणारा माइक विंकलमन १ मे २००७ पासून रोज एक चित्र पूर्ण करून टाकत आला. मार्च २०२१ मध्ये त्याच्या पहिल्या ५००० चित्रांचा एकत्र केलेला कोलाज क्रिस्टीजच्या लिलावात ६.९ कोटी डॉलरना विकला गेला. झालं, तेव्हापासून ‘रोज’ हा मंत्र झाला. मधली तेरा-चौदा वर्षं मात्र सांगताना गळतात. त्याची अटही गळते: चित्र त्याच दिवशी सुरू करून त्याच दिवशी संपवायचं, जमेल तसं. हा हात बसवण्याचा रियाज होता. तुम्ही रोज स्क्रिप्ट, शूटिंग, एडिटिंग, सबटायटल करणार असाल तर तिसऱ्या आठवड्यात दम लागणारच.

किती वेळा टाकायचं हे उत्साहाच्या भरात ठरवू नका. तुमच्या सगळ्यात वाईट आठवड्यात, म्हणजे ताप आलेला असताना किंवा ऑफिसात मान वर करायला सवड नसताना, जेवढं जमेल तोच तुमचा वेग. बहुतेकांसाठी तो आठवड्याला एक निघतो. चार-पाच तुकडे तयार झाल्याशिवाय पहिला टाकूच नका, आणि ती शिल्लक संपू देऊ नका. टाकायचा वार ठरला की लोकांनाही तो सांगा. वाट बघायला दिवस माहीत असावा लागतो.

चित्राची काळजी, आवाजाकडे दुर्लक्ष

इथे फार सांगण्यासारखं नाही. धूसर चित्र लोक चालवून घेतात, घुमणारा आवाज घेत नाहीत. मोबाइल तोंडाजवळ आणा, रिकाम्या खोलीऐवजी कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बोला, खिडकी पाठीमागे न ठेवता समोर घ्या, आणि नवा कॅमेरा घेण्याआधी आहे त्या मोबाइलची काच पुसा. आवाज बंद ठेवून पाहणारे बरेच असतात, म्हणून सबटायटल द्या. पण ती अगदी तळाला नकोत. उभ्या व्हिडिओत तळाशी खात्याचं नाव आणि कॅप्शन येतं, उजवीकडे बटणं, आणि तुमचं नेमकं हशा पिकवणारं वाक्य त्याखाली दबतं.

दुसऱ्याचं संगीत, दुसऱ्याचं काम

‘दहा सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं’ आणि ‘क्रेडिट दिलं की झालं’. दोन्ही समज खोटे आहेत. सेकंदांची अशी कुठलीही सूट नसते. यूट्यूबवर क्लेम आणि स्ट्राइक यांतला फरक माहीत असू द्या. क्लेममध्ये साधारणपणे त्या व्हिडिओची कमाई मूळ मालकाकडे जाते किंवा व्हिडिओ अडवला जातो. चॅनलला डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनलच बंद होऊ शकतं. तिथल्या मोफत ऑडिओ लायब्ररीत पुरेसं संगीत मिळतं. घडी घालताना होणारा कागदाचा आवाज तर त्याहून छान, आणि तो सर्वस्वी तुमचा.

एका ॲपवरून उतरवलेला व्हिडिओ वॉटरमार्कसकट दुसरीकडे चिकटवणंही थांबवा. असे व्हिडिओ कमी सुचवले जातील, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. मूळ फाइल जपून ठेवा आणि तीच सगळीकडे वापरा.

ओळखीच्यांच्या जोरावर ढकलणं

नवा व्हिडिओ टाकला की लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर. मावशी उघडते, दोन सेकंदं बघते, बंद करून ग्रुपवर हार्ट टाकते. प्रेम खरं, पण यूट्यूबला दिसतं ते इतकंच की माणसं आली आणि लगेच निघून गेली. ‘तू मला फॉलो कर, मी तुला’ आणि विकत घेतलेले फॉलोअर्स यांचंही तेच. यादी फुगते आणि तीत तुमचं काम न बघणारेच जास्त होतात. दहा अनोळखी माणसांच्या कमेंटना नीट, त्यांच्या बोलण्याला धरून उत्तर देणं यापेक्षा कधीही फायद्याचं. त्यांतल्याच एखाद्या प्रश्नाचा पुढचा व्हिडिओ करा आणि विचारणाऱ्याला सांगा. तो नक्की येतो, एखाद्याला घेऊन येतो.

रीच पडला की ‘शॅडोबॅन’ म्हणून मोकळं होणं

शॅडोबॅन म्हणजे न सांगता ॲपने तुमच्या पोस्ट दाबून ठेवणं. असेलही, पण आधी क्रमाने तपासा. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट स्टेटस’ असतं. एखाद्या पोस्टमुळे तुमचं खातं सुचवलं जात नसेल तर ते तिथे कळतं. तिथे सगळं ठीक असेल तर ताजी पोस्ट व्हायरल गेलेल्या पोस्टशी न ताडता आधीच्या दहा पोस्ट रीचच्या क्रमाने लावून त्यांतल्या मधल्या पोस्टशी ताडून बघा. बऱ्याचदा रीच पडलेला नसतो, एकदा उसळून नेहमीच्या जागी आलेला असतो. खरंच पडला असेल तर लोक कुठे गळतात ते बघा. कमी जणांना दाखवलं गेलं, की दाखवूनही क्लिक नाही, की क्लिक करून टिकले नाहीत? पहिल्यात विषय बदलून पाहावा लागतो, दुसऱ्यात कव्हर आणि शीर्षक, तिसऱ्यात सुरुवात. तिन्ही एकदम बदलले तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळणार नाही.

आणि सगळं एकाच ॲपवर ठेवू नका. जानेवारी २०१७ मध्ये छोट्या व्हिडिओंचं व्हाइन हे ॲप बंद झालं, जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली. दोन्ही वेळा लोकांचे जमवलेले फॉलोअर्स तिथेच राहिले. ज्यांना तुमचं काम मनापासून आवडतं त्यांचे ईमेल पत्ते, त्यांच्या परवानगीने, तुमच्याजवळ असावेत.

जुनं लाजून पुसून टाकणं

हात सुधारला की जुने व्हिडिओ बघवत नाहीत आणि एका रात्री सगळे उडवले जातात. यूट्यूबच्या कमाईसाठीच्या एका अटीत १००० सबस्क्रायबर्स आणि गेल्या १२ महिन्यांत सार्वजनिक व्हिडिओ एकूण ४००० तास पाहिले गेलेले लागतात. उडवलेल्या व्हिडिओचे तास त्यातून वजा होतात. व्हिडिओ प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड केला तरी ते धरले जात नाहीत. शिवाय ‘कागदाचा बेडूक कसा करायचा’ असं शोधणारा माणूस दोन वर्षांनीही त्या व्हिडिओवर येऊ शकतो. म्हणून उडवण्याआधी त्या व्हिडिओचं शीर्षक आणि थंबनेल बदला, पहिल्या कमेंटमध्ये नव्या व्हिडिओची लिंक पिन करा आणि महिनाभर थांबा. आवाजच ऐकवत नसेल तर तोच बेडूक पुन्हा करा आणि जुन्याच्या शेवटच्या स्क्रीनवर नव्याची जोडणी द्या.