रोशा गवताच्या तेलावर प्रोजेक्ट केला, नवीन पोरापोरींसाठी अनुभव लिहितोय

राजेहो, यंदा केमिस्ट्री नाहीतर बॉटनीत एमएस्सी करताय आणि गाइडनं औषधी वनस्पतीचा विषय दिलाय, तर हे तुमच्यासाठी. मी धारणी तालुक्यातला, माझा प्रोजेक्ट रोशा गवताच्या तेलावर होता. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे डोंगरउतारावर हे गवत फुलते, त्यातून नुसतं चालत गेलं तरी पँटला दिवसभर गुलाबासारखा वास राहते. तो वास जिरॅनिऑल नावाच्या सुगंधी घटकाचा, चांगल्या तेलात ते ७५-८० टक्क्यांच्या घरात असते.

पहिलं काम झाड ओळखायचं. रोशात मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार, दिसायला जवळपास सारखेच, पण सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल बरंच कमी. म्हणून फुलोऱ्यासकट नमुना दाबून वाळवा, हर्बेरियम शीटवर (वाळलेला नमुना चिकटवायचा जाड कागद) ठिकाण-तारीख लिहा आणि जाणकाराकडून नाव पक्कं करून घ्या, नंतर करू म्हटलं की ते राहूनच जाते.

तेल क्लेव्हेंजरनं काढायचं, म्हणजे गवत पाण्यात उकळून वाफेसोबत येणारं तेल वेगळं करणाऱ्या काचेच्या उपकरणानं. त्यातल्या कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीला, सतत थंड पाणी लागते आणि आमच्या लॅबच्या नळाला धारच नव्हती, मग घरच्या कूलरचा पंप काढून नेला, बादलीत बर्फ टाकला आणि पाणी फिरवत ठेवलं, साडेतीन तास. ३०० ग्रॅम फुलोऱ्यातून दीड-दोन मिली तेल, नळीत पाण्यावर पिवळसर थर तरंगताना दिसला तेव्हा इतकं बरं वाटलं की काय सांगू!

चूक पुढे झाली. मेथॅनॉलमधला अर्क मी प्लास्टिकच्या बाटलीत ठेवला, जीसी-एमएसच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारं मशीन) रिपोर्टात थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन, आलं आणि मी ते गवतातलंच म्हणून थीसिसात लिहून टाकलं. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, गवतात प्लास्टिक कुठून आलं? मला उत्तर देता आलं नाही. काचेचीच बाटली वापरा, नमुना न घालता नुसत्या सॉल्व्हंटचा ब्लँकही मशीनवर चालवा आणि मशीनच्या लायब्ररीनं (माहीत असलेल्या रसायनांची यादी) दिलेलं नाव रिटेन्शन इंडेक्सशी, म्हणजे घटक मशीनमधून किती वेळानं बाहेर येते त्यावरून काढलेल्या आकड्याशी, जुळवल्याशिवाय लिहू नका.

तेल जिवाणू मारते का हे तपासताना फक्त डिस्कवर (तेलात भिजवलेली कागदाची चकती) विसंबू नका, तेल आगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, नीट पसरत नाही, झोन (चकतीभोवती जिवाणू न वाढलेली जागा) लहान येते. तेल पाण्यात मिसळावं म्हणून ट्वीन ८० घालून ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायचं पातळ द्रावण) एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं तेलाचं कमीत कमी प्रमाण, काढा, आणि नुसत्या ट्वीनचा कंट्रोल हवाच हवा. डीपीपीएच या जांभळ्या रसायनानं अँटिऑक्सिडंट ताकद तपासताना ५१७ नॅनोमीटरवर ताकदीचा आकडा कमी आला तर घाबरू नका, जिरॅनिऑल फिनॉल गटातलं नाही, त्यामुळे जांभळा रंग फारसा उतरत नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल हे फिनॉल असते म्हणून त्यानं डीपीपीएचचं द्रावण पटकन पिवळं पडते.

आणि नमुना जंगलातून आणणार असाल तर वनखात्याकडे परवानगीचा अर्ज गणपतीच्या आधीच टाका.