बीपी वजा दोन: आरमध्ये मजकुराचा कोड करण्याआधी

आर (R) ही आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला लागल्यावर कधी ना कधी कॉलमचं नाव लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करताना, बदलत न्यायची वेळ येतेच. पेस्ट (paste) हे फंक्शन वापरून नाव जोडता येतं, पण हातात येतो तो नुसता मजकूर. मग शोधाशोध करताना पार्स (parse) आणि इव्हॅल (eval) सापडतात: पार्स मजकुराचा कोड करतं, इव्हॅल तो कोड चालवतं.

पहिली ठेच इथेच लागते. इव्हॅल("२+३") लिहिलं तर ५ येत नाहीत, तोच मजकूर परत येतो. पार्स("२+३") लिहिलं तर आर त्या नावाची फाइल उघडायला जातं. पार्सच्या कंसात 'टेक्स्ट =' लिहून मजकूर दिला की त्याचं एक्स्प्रेशन, म्हणजे चालवता येणारा कोड, होतं, आणि ते इव्हॅलला दिलं की ५ मिळतात. हे जमलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि मी ते सगळीकडे वापरू लागले.

पहिल्या नोकरीत रक्तदाबाच्या सर्वेक्षणाचा डेटा आला. प्रत्येकाचा बीपी तीनदा मोजलेला, एक्सेलमधले कॉलम बीपी, बीपी-२, बीपी-३. आरमध्ये $ नंतर कॉलमचं नाव लिहिलं की तो कॉलम मिळतो, म्हणून मी "डेटा$" ला कॉलमचं नाव चिकटवलं आणि पार्स, इव्हॅल करून सरासरी काढली: १२८.४, १२६.४, १२५.४. पहिल्यांदा मोजताना माणूस बिचकलेला असतो, नंतर आकडा उतरतो, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मसुदा वाचताना आमच्या मॅडमचं बोट मात्र प्रमाण विचलनावर (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापावर) थांबलं. तिन्ही ओळींत १४.७. "तीनदा मोजलं आणि विचलन दशांशासकट तेच? असं होत नाही गं."

आरने "डेटा$बीपी-२" चा अर्थ लावला होता: बीपीमधून २ वजा कर. सगळ्या आकड्यांतून तेवढेच वजा झाले की सरासरी उतरते, विचलन तेच राहतं. कोड म्हणून तो बरोबरच होता, म्हणून एररही आला नाही. दुसरं-तिसरं मोजमाप मी वाचलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते आकडे खऱ्या माणसांचे होते.

डेटा[["बीपी-२"]] लिहिलं की नाव नावच राहतं, त्यात चिन्ह असो वा मोकळी जागा. आरच्या जुन्या जाणकारांपैकी थॉमस लमली यांनी म्हटलंय की उत्तर पार्स येत असेल तर बहुधा प्रश्नच पुन्हा तपासायला हवा. मला हे शंभर टक्के पटतं. डेटा१, डेटा२ अशी वेगवेगळी नावं करण्याऐवजी सगळं एका लिस्टमध्ये ठेवा आणि लॅप्लाय (lapply) चालवा, ते लिस्टमधल्या प्रत्येकावर तेच फंक्शन चालवतं. कॉलमच्या नावांपासून मॉडेलचा फॉर्म्युला हवा असेल तर रिफॉर्म्युलेट (reformulate) हे फंक्शन आहे. आणि शायनी (आरमध्ये वेब ॲप बनवायचं पॅकेज) वापरून केलेल्या ॲपमध्ये वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर तर कधीच इव्हॅल करू नका. त्यात फाइली पुसणारी आज्ञाही असू शकते.

मजकुरातून खरोखरच कोड हवा असेल, समजा तुम्ही स्वतःच लिहिलेलं सूत्र वाचायचं असेल, तर आर ३.६.० पासून एसटीआर-टू-लँग (str2lang) हे फंक्शन आहे. ते एकच एक्स्प्रेशन घेतं.

तुमच्या जुन्या स्क्रिप्ट असतील तर आरस्टुडिओ या आरचा कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून 'parse' शोधा, आणि जिथे तो सापडेल तिथल्या कॉलमची नावं आधी वाचा.