साखर कारखान्यातली खाती एका घड्याळावर कशी आणायची

गळीत हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात ऊस पिळणाऱ्या मिल हाउसमधून हमखास एक वाक्य ऐकू येतं, "ऊसच नाही, तर आम्ही चालवणार काय?" दोन दिवसांनी शेती खातं म्हणतं, "यार्डात गाड्या तुंबल्यात, आधी मिल नीट चालवा." दोघंही आपापल्या जागेवरून खरंच बोलत असतात. मी प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागलो, पुढं पॅनवर (रस आटवून साखरेचे दाणे पाडतात तिथं), मग शिफ्टवर आलो. आता खात्याखात्यांत मेळ घालणं हेच माझं मुख्य काम आहे. नव्यानं शिफ्ट इनचार्ज, गट अधिकारी (शेती खात्याच्या गट ऑफिसचा प्रमुख) किंवा खातेप्रमुख झालेल्यांसाठी हे लिहितोय. माझं सांगणं एकच आहे: ऊस पुढच्या खात्यात पोचायच्या आधी त्याची खबर पोचली पाहिजे.

आधी हिशेब मांडा. रोज ५००० टन गाळणाऱ्या कारखान्याला तासाला सुमारे २०८ टन ऊस लागतो. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला १८ टन धरले, तर ताशी अकरा-बारा ट्रॅक्टर गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलकडं नेणाऱ्या पट्ट्यावर, रिकामे व्हायला हवेत, पहाटे तीन वाजतासुद्धा. यातला बराचसा ऊस सकाळी तोडलेला, दुपारी भरलेला आणि रात्री वजनकाट्यावर आलेला असतो. म्हणजे मिल आत्ता बंद पडली आणि शेती अधिकाऱ्याला आत्ता फोन गेला, तरी उद्या सकाळपर्यंतचा ऊस तुटून रस्त्याला लागलेलाच आहे. हे अंतर मिलवरच्या आणि प्रोसेसच्या (रसाची साखर करणाऱ्या) माणसांना नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

त्यासाठी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात एक गाडी निवडा आणि तिच्यामागं जा. बरोबर मिलचा एक, प्रोसेसचा एक, काट्यावरचा एक आणि गट ऑफिसचा एक माणूस घ्या. तोड, भरणी, यार्डातला नंबर, वजन आणि गव्हाण या पाचही टप्प्यांची घड्याळातली वेळ लिहून काढा. सगळ्यात जास्त वेळ बहुतेकदा यार्डात गेलेला सापडतो. शेती खात्याला वाटतं की गाडी आवारात आली, आपलं काम झालं. इंजिनिअरिंगला वाटतं, आपलं काम गव्हाणीपासून. मधली जागा कुणाचीच नसते. म्हणून प्रत्येक शिफ्टला यार्डासाठी एकच नाव ठरवा. क्रेनवाला, काटा आणि गट ऑफिस या तिघांशी बोलायचा अधिकार त्याच एका माणसाला द्या. कोणता नंबर पुढं घ्यायचा हेही त्यानंच ठरवायचं. हार्वेस्टरनं तुकडे केलेला किंवा जळीत ऊस आला असेल, तर तो आधी घ्यायचा, कारण तो अखंड उसापेक्षा लवकर खराब होतो.

ही घाई का, तेही सगळ्यांना समजावून सांगा. तोडल्यावर उसाचं वजन घटतं आणि साखरेचं विघटन सुरू होतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर चोवीस तास फार होतात. शिळ्या उसात जिवाणू वाढून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो, रस चिकट होतो आणि पॅन उकळायला जड जातं. पॅनमन आज वैतागलेला असेल, तर त्याचं कारण काल यार्डात उभ्या राहिलेल्या गाड्यांत असू शकतं. उताऱ्यात (उसातून हाती येणाऱ्या साखरेच्या टक्केवारीत) ०.१ टक्क्याचा फरक पडला, तरी ५००० टनांवर दिवसाला ५० क्विंटल साखर जाते. क्विंटलला ३१०० रुपये या २०१९ मध्ये ठरलेल्या किमान विक्री दरानं धरले, तरी दीड लाखाच्या वर. हा आकडा सगळ्या खात्यांच्या फलकावर एकसारखा लावा.

दुसरं काम ठरलेल्या बंदचं. रसातलं पाणी उडवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत क्षार बसतात, ठरावीक दिवसांनी क्लिनिंग घ्यावंच लागतं. तारीख प्रोसेस आणि इंजिनिअरिंगनं मिळून काढावी आणि दोन दिवस आधी शेती खात्याला लेखी द्यावी. शेती खात्यानं आदल्या दिवशी तोडीच्या चिठ्ठ्या कमी कराव्यात, आधी लांबच्या गटांच्या. बैलगाड्या शेवटपर्यंत चालू ठेवाव्यात, कारण जनावरं जुंपून यार्डात तिष्ठत ठेवणं मला कधीच मान्य नाही. आणि पुन्हा सुरू व्हायची वेळही त्याच कागदावर हवी. बंदची खबर सगळे देतात, सुरू होण्याची द्यायला विसरतात. टोळ्या पुन्हा फडात उभ्या करून ऊस गव्हाणीपर्यंत यायलाही तितकाच वेळ लागतो. क्लिनिंग आटोपून बॉयलर तयार आणि यार्ड रिकामं, असं होतं ते त्यामुळंच.

या विसंवादाची किंमत खाती मोजत नाहीत. ती बीडकडून आलेलं, एका कोयत्यावर राबणारं जोडपं मोजतं. त्यांची मजुरी टनावर असते आणि गाडी परत आली नाही तर त्यांचा दिवस बसून जातो. ती ड्रायव्हर मोजतो, आणि ज्याचा ऊस वाळतो तो सभासद मोजतो. खातेप्रमुखांच्या बैठकीत ही माणसं नसतात. म्हणून बैठक चालवणाऱ्यानं त्यांची बाजू रोज मांडली पाहिजे.

बंदची नोंदवही बदला. 'नो केन', 'मेकॅनिकल', 'इलेक्ट्रिकल', 'प्रोसेस' हे रकाने सरकारी तक्त्यांसाठी राहू द्यात. पण एक तास कुणाच्या नावावर पडतो यावरून अर्धी शिफ्ट वाद चालतो, तो थांबवायला आणखी दोन रकाने आखा: 'पहिली चाहूल कधी लागली' आणि 'कुणाला कळवलं'. बेअरिंग गरम होतंय हे ऑइलमनला रात्री दहाला कळलं आणि मिल दोनला थांबली, तर मधल्या चार तासांत काय झालं ते बघायचं. आधी कळवणाऱ्याला कधीही झापू नका, खबर खोटी ठरली तरी. एकदा झापलंत, तर पुढची खबर येणारच नाही.

आता इंबीबिशनचं पाणी. हा मिल आणि प्रोसेसमधला कायमचा तंटा आहे आणि त्यात दोघांचंही बरोबर असतं. शेवटच्या मिलच्या आधी बगॅसवर (पिळलेल्या उसाच्या चोथ्यावर) गरम पाणी जास्त सोडलं, की बगॅसमधली साखर कमी राहते, मिलचा आकडा सुधारतो. पण रस पातळ होतो, ते पाणी इव्हॅपोरेटरला उडवावं लागतं आणि वाफ जास्त जाते. बगॅसची ओल ५० टक्क्यांच्या वर गेली, तर बॉयलरही कुरकुरतो आणि बगॅस जाळून वीज करणारे कोजनवाले तक्रार घेऊन येतात. इथं कुणा एकाला पाण्याचा व्हॉल्व्ह देऊ नका. बगॅसमधली पोल (राहिलेली साखर), बगॅसची ओल आणि उसावर वाफेचं प्रमाण हे तीन आकडे एकाच कागदावर आणा. तिन्हींच्या मर्यादा चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट यांनी सहीनिशी ठरवाव्यात. मर्यादेच्या आत शिफ्टनं आपापसात बघावं, बाहेर गेलं तर दोघांनी एकत्र मिलवर यावं. प्रयोगशाळा चीफ केमिस्टच्या हाताखाली असते, त्यामुळं तिच्या आकड्यांवर मिलवाल्यांचा संशय असतो. त्यावर सोपा उपाय आहे. नमुना घेताना मिलचा माणूस शेजारी उभा करा.

सकाळची बैठक केबिनमध्ये घेऊ नका. यार्डाच्या कडेला उभ्यानं, पंधरा मिनिटं घ्या. कालचं कुणी काय केलं हा विषयच काढायचा नाही, तो नोंदवहीत आहे. प्रत्येकानं फक्त पुढच्या चोवीस तासांत आपल्याकडून दुसऱ्याला काय अडचण येणार ते सांगायचं. आमच्याकडं हे बोलणं शेती खात्यापासून सुरू होतं आणि गोदामापर्यंत जातं, कारण ऊसही त्याच वाटेनं जातो. एमडींनी आठवड्यातून एकदाच यावं. रोज आले, तर सगळे त्यांच्याकडं बघून बोलतात आणि एकमेकांशी बोलायचं राहून जातं. रात्रपाळीला बैठक नसते, म्हणून पहाटे चारला शिफ्ट बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला गव्हाणीवर भेटून, तोंडी आणि लेखी, दोन्ही तऱ्हेनं सांगितलं पाहिजे.

अकाउंट्सला लोक या वर्तुळात धरत नाहीत, पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते आणि थकली तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. गट ऑफिसकडून शेतकऱ्याचा बँकेतला खातं नंबर चुकीचा आला, तर ते शेवटच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही. चिठ्ठी निघतानाच तपासा.

उरलेलं काम बिगरहंगामात. ओव्हरहॉलिंगचं सामान मागवताना गेल्या हंगामाची नोंदवही खरेदी आणि स्टोअरच्या माणसांसमोर उघडा. कोणत्या सुट्या भागासाठी किती तास मिल थांबली ते त्यांना वाचू द्या, मग कोटेशनच्या फायली आपोआप हलतात. प्रोसेसचा एक तरुण केमिस्ट जुलै-ऑगस्टमध्ये, आडसाली लागणीच्या वेळी, गट ऑफिसला पाठवा. जात आणि लागणीची तारीख यांची नोंद कशी होते आणि कुठं चुकते, हे त्यानं बांधावर बघितलं, तर पुढं पक्वतेच्या तोडणी कार्यक्रमावर तो शेती खात्याशी भांडणार नाही, नमुने घेऊन स्वतःच फडात जाईल. तसाच गट ऑफिसचा एक माणूस हंगामात आठवडाभर पॅनवर बसवा.