गावच्या तुरीची गावातच डाळ: मिनी डाळमिलसाठी ३५ टक्के अनुदान कसे घ्याल?

विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत शिवारात तूर पिकते आणि घरात डाळ येते ती दुकानातून, दुप्पट वाहतूक सोसून. गावात मिनी डाळमिल असली की लोक आपली तूर आणतात, भरडाई देतात आणि आपलीच डाळ घरी नेतात. अशा मिलसाठी बचत गटातल्या महिलांना सोयीची पडते ती २०२० साली सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, म्हणजे पीएमएफएमई. तिची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली होती. त्यामुळे कागद जमवण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन चालू वर्षी अर्ज घेतात का, ते विचारा.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हे अनुदान कर्जाला जोडलेले आहे. बँकेने कर्ज मंजूर केले नाही तर अनुदानही नाही.

हिशेब असा. समजा, यंत्रे, शेड आणि वीजजोडणी मिळून ६ लाखांचा प्रकल्प आहे. स्वतःचे किमान १० टक्के, म्हणजे ६० हजार. बँकेचे कर्ज ५ लाख ४० हजार. अनुदान ३५ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. वैयक्तिक अर्जाला कमाल मर्यादा १० लाखांची. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही आणि बांधकाम प्रकल्प खर्चाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. इथे १ लाख ८० हजार. आहे त्या खोलीत मिल बसत असेल तर नवीन शेडच्या मागे लागू नका.

तूर खरेदीसाठी लागणाऱ्या खेळत्या भांडवलावर हे अनुदान मिळत नाही, आणि बरेच प्रकल्प इथेच अडकतात. मिल उभी राहते, पण हंगामात माल घ्यायला पैसा नसतो. अन्न प्रक्रियेचे काम आधीपासून करणाऱ्या गटातील सदस्यांना याच योजनेत प्रत्येकी ४० हजारांपर्यंत, गटाला जास्तीत जास्त ४ लाख, बीज भांडवल (खेळते भांडवल आणि छोट्या अवजारांसाठीची रक्कम) मिळते. ग्रामीण भागात त्याचे काम उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते. बीज भांडवल मिळत नसेल तर पहिला हंगाम फक्त भरडाईवर काढा. त्यात माल गिऱ्हाइकाचा असतो, तुमचा पैसा अडकत नाही.

यंत्राचे कोटेशन जीएसटीसह घ्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळमिल गावपातळीसाठीच आहे. ती चालू असलेल्या ठिकाणी जाऊन पाहा. मोटर सिंगल फेजवर चालते की थ्री फेज लागते, हे कोटेशनवर लिहून घ्या. मिल गावठाणात आणि थ्री फेज फक्त शेतीच्या फीडरला, अशी स्थिती असेल तर यंत्र येऊनही बंद पडून राहते.

वाळवणाची जागा आराखड्यात हवीच. तुरीचे टरफल डिंकासारख्या थराने दाण्याला घट्ट चिकटलेले असते. म्हणून तूर चाळून, रोलरवर ओरखडे पाडून, तेल-पाणी लावून ऊन द्यावे लागते. हे घाईने केले की टरफल सुटत नाही आणि चुरा वाढतो. काम नीट झाले तर १०० किलो तुरीमागे ७० किलोच्या आसपास डाळ मिळते. चुणी आणि टरफल जनावरांना जाते. ते उत्पन्नही बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात दाखवा.

अर्ज ऑनलाइन भरायचा. आधार, पॅन, बँक पासबुक, सहा महिन्यांचे खाते-विवरण, वीजबिल, कोटेशन आणि जागेचा उतारा तयार ठेवा. जागा सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र, भाड्याची असेल तर करारनामा. प्रकल्प अहवाल करायला योजनेसाठी नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात. त्यांचे मानधन शासन देते. तुम्ही पैसे द्यायचे नाहीत. वैयक्तिक अर्जात पती, पत्नी आणि मुले मिळून एकालाच लाभ मिळतो.

बँकेत जाण्याआधी आपला सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक पाहा. गटाच्या अंतर्गत कर्जाची फेड वेळेत झालेली दाखवणारे रजिस्टर सोबत न्या. शाखाधिकाऱ्याला ते अहवालापेक्षा जास्त पटते. मंजुरीआधी यंत्राचे पैसे देऊ नका, कारण खरेदी आधी झाली तर अनुदानाचा दावा अडकतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती लगेच करून घ्या. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी उत्पादन सुरू होण्यापूर्वी हवी.

मंजूर अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावे वेगळ्या खात्यात राहते आणि तेवढ्या रकमेवर कर्जाचे व्याज लागत नाही. बँकेकडून कर्जाच्या रकमेचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून तीन वर्षांनी खाते नियमित आणि मिल चालू असेल, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. तोवर फेडीचा हप्ता थकू देऊ नका. हप्ते ठरवतानाच बँकेला सांगा की भरडाईचे मुख्य उत्पन्न तूर निघाल्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत येते, आणि पावसाळ्यात वाळवण बंद असते.