स्खिपोलहून लायडन: तिकिटाच्या रांगेत उभं राहू नका

स्खिपोल या अॅमस्टरडॅमच्या विमानतळावरून नेदरलँड्समधलं लायडन, म्हणजे १५७५ सालच्या विद्यापीठाचं शहर, गाठायला अॅमस्टरडॅम शहरात जायची गरजच नाही. तरी सामान घेऊन लोक तिकीट यंत्रापुढे ताटकळतात, वर सुट्या कागदी तिकिटाला जादा शुल्क भरतात.

१. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. फलाटावर उतरण्याआधी काँटॅक्टलेस (नुसतं टेकवून चालणारं) बँक कार्ड तिथल्या कार्ड-यंत्राला लावा, वेगळं तिकीट लागत नाही. परदेशी व्यवहार भारतातूनच सुरू करून या, नाहीतर कार्ड चालणार नाही.

२. फलकावर ‘लायडन सेंट्राल’ हे नाव वाचूनच गाडीत चढा. रॉटरडॅमकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही. जलद मार्गाच्या गाड्या लायडनला न जाताच निघून जातात. योग्य गाडीने साधारण वीस मिनिटं लागतात.

३. लायडनला जुन्या शहराच्या बाजूने बाहेर पडा. दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचं रुग्णालय आहे. रापेनबुर्ख कालव्यावरची विद्यापीठाची जुनी इमारत पायी पंधरा-वीस मिनिटांवर, आणि ही वाट चालण्यासारखीच आहे.

मात्र उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा लावायला विसरू नका, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. चढताना फोन आणि उतरल्यावर कार्ड असंही चालत नाही. बँक खातं एकच असलं तरी यंत्र दोन्ही वेगळे धरतं. माणशी एक कार्ड लागतं.